परदेशी भाषा घरबसल्या शिकायची तर नेटवरचं काय घ्यावं, काय बाजूला ठेवावं (बडोद्याहून)

जर्मनताई_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बझारला राहते आणि संध्याकाळी घरी जर्मन शिकवते. येणाऱ्यांत नर्सिंग झालेल्या मुली सगळ्यांत जास्त. त्यांच्या खालोखाल टेक्नॉलॉजी फॅकल्टीतली मुलं. शिवाय दरवर्षी काही नव्याने लग्न झालेल्या मुली असतात. नवरा स्टुटगार्टला किंवा म्युनिकला असतो आणि व्हिसासाठी त्यांना ए१ची (ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्यांतली पहिली) परीक्षा द्यायची असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं आणि चौकशीचे फोन वाढले. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, कुठलं ॲप घेऊ?" त्याचं सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. परदेशी भाषा शिकण्याचं साहित्य आज इतकं चांगलं आणि इतकं फुकट आहे की पैशाअभावी कुणाचं अडू नये. अडतं ते तुमचं बोलणं ऐकणारं आणि वही तपासणारं कुणी नसतं म्हणून. ज्याने याची सोय आधी केली तो पुढे जातो. बाकीच्यांच्या फोनमध्ये पाच ॲप असतात आणि स्वतःबद्दल सलग चार वाक्यं बोलायला सांगितली की ते गप्प होतात.

असं का होतं? ॲपमध्ये बहुतेक वेळा समोर दिलेल्या शब्दांतून बरोबर तो ओळखायचा असतो. ओळखणं सोपं असतं. समोर काही नसताना शब्द आठवून, त्याचं लिंग-वचन सांभाळून तोंडातून काढणं हे निराळं काम आहे आणि परीक्षेत, नोकरीत तेच करावं लागतं. ॲप वाईट आहेत असं मी म्हणत नाही. रोज भाषेला हात लावायची सवय त्यांनी लागते. पण मुख्य अभ्यासक्रम म्हणून ॲप धरू नका.

जर्मनसाठी मुख्य अभ्यासक्रम म्हणून मी डॉइचे वेलेचा 'निकोस वेग' देते. डॉइचे वेले ही जर्मनीची सार्वजनिक प्रसारण संस्था. निको नावाचा स्पॅनिश मुलगा जर्मनीत येतो, विमानतळावरच त्याची बॅग जाते आणि तिथून गोष्ट सुरू होते. ए१, ए२, बी१ अशा तिन्ही पातळ्या आहेत, प्रत्येक छोट्या व्हिडिओमागे स्वाध्याय आहेत, एक पैसा लागत नाही. माझ्याकडची पद्धत अशी: भाग आधी सबटायटलशिवाय बघायचा, मग जर्मन सबटायटल लावून, मग एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणायचं. शेवटी त्या भागात काय झालं ते आपल्या शब्दांत सांगून मला व्हॉइस नोट पाठवायची. चौथी पायरी गाळली तर पहिल्या तिन्हींचा उपयोग निम्माही होत नाही.

व्याकरणाचे स्वाध्याय भरपूर हवे असतील तर जर्मनीतल्या लोकशिक्षण केंद्रांचं 'व्हीएचएस लेर्नपोर्टाल' आहे, तेही फुकट. इंग्रजीतून व्याख्यानं ऐकायला आवडत असेल तर आयआयटी मद्रासचे जर्मनचे वर्ग एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर आहेत. बी१ झालं की डॉइचे वेलेच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या रोज ऐका. त्यांचा पूर्ण मजकूरही सोबत मिळतो.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. नेटवरचं जवळपास सगळं साहित्य इंग्रजीतून समजावतं, आणि आपली मुलं मराठी बाजूला ठेवून इंग्रजीच्या खिडकीतून जर्मनकडे बघतात. मग तीन लिंगं पाहून घाबरतात. अहो, आपल्याला तो, ती, ते जन्मापासून येतात! 'खेन' हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होतं, हे पाठ करायला इंग्रजीवाल्याला कष्ट पडतात. आपल्याकडे लेकरू, कोकरू, वासरू, पाखरू ही सगळी 'ते'च आहेत. 'मिर गेफेल्ट' म्हणजे थेट 'मला आवडतं'. आवडणारी वस्तू कर्ता, आपण चतुर्थीत. 'वाइल' म्हणजे 'कारण'ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं, ते आपल्याकडे तिथेच असतं. 'त्साइट'मधला पहिला उच्चार आपल्या 'चमचा'तल्या पहिल्या 'च'चा आहे. माझ्या गुजराती विद्यार्थ्यांना तो मुद्दाम शिकवावा लागतो, मराठी मुलांकडे तो असतोच. म्हणून माझ्या वर्गातल्या मराठी मुलांच्या वहीत व्याकरणाची टिपणं मराठीत असतात.

फ्रेंच, स्पॅनिश, जपानी शिकणाऱ्यांनी आपापलं लिहावं. बडोद्यात आता या सगळ्यांचीच गरज दिसते.

करेलीबागकर

ताई, फार उपयोगी धागा. माझी मुलगी नर्स आहे, इथल्याच एका हॉस्पिटलात. एक एजंट म्हणतो, घरून ऑनलाइन शिकवून सहा महिन्यांत बी२ करून देतो, नोकरी सोडायची गरज नाही, पैसे मात्र आधी. विश्वास ठेवावा का?

जर्मनताई_बडोदा

काका, पैसे देऊ नका. आधी हिशेब बघा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, ती जर्मनसाठी ३६ आठवडे धरते, आणि तेही दिवसभर दुसरं काही काम नसताना. त्यांचं ध्येय बी२च्या थोडं पुढचं आहे हे खरं, पण आपली मुलगी बारा-बारा तासांच्या ड्यूट्या करून शिकणार आहे. नोकरी सांभाळून बी२ला दीड-दोन वर्षं धरा. ती वर्षं वाया जात नाहीत, तिकडे वॉर्डात पेशंट वेदना सांगत असेल तर ती समजायला तेवढी भाषा लागतेच.

एजंटाला तीन प्रश्न विचारा. वर्गात किती जण आहेत? निबंध आणि पत्रं कोण तपासतं आणि किती दिवसांत परत देतं? एका तासात प्रत्येकाला किती मिनिटं बोलायला मिळतं? उत्तरं गोलगोल आली तर फोन ठेवून द्या.

आणखी एक. ग्योथे इन्स्टिट्यूट ही जर्मन भाषा-संस्कृतीची संस्था परीक्षा घेते. तिच्या बी१ आणि बी२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. प्रत्येक पातळीचे नमुना पेपर ध्वनिफितींसह त्यांच्या साइटवर मोफत आहेत. मुलीला आज ए१चा पेपर घड्याळ लावून सोडवायला सांगा. कुठे उभी आहे ते एका दुपारी कळेल.

वाघोडियारोड

वाखुसा (वाचनखूण साठवली). मराठीतून टिपणं काढायची कल्पना पटली.

सावली_ते_सेविया

मी स्पॅनिश शिकतोय. कारण इथलंच आहे. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा टाटा-एअरबसचा कारखाना बडोद्यात आला. ५६ पैकी ४० विमानं इथे जोडायची आहेत, पहिली १६ स्पेनमधल्या सेवियाहून तयार आली. उद्घाटनाला ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान आले होते तेव्हा रस्त्यावर आम्ही सगळे उभे होतो. मी सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये आहे. काम इंग्रजीत चालतं, पण समोरच्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोललो की संबंध वेगळा होतो, म्हणून शिकतोय.

सुरुवातीला 'लँग्वेज ट्रान्सफर' ऐका. पूर्ण मोफत, लोकांच्या देणग्यांवर चालतं. शिक्षक एका विद्यार्थ्याला शिकवत असतो, तो विचारतो आणि आपण थांबवून उत्तर द्यायचं. पाठ करायला काही नाही, विचार करून वाक्य बनवायचं. मकरपुऱ्यापर्यंत जाता-येता ऐकून होतं. ऐकण्यासाठी 'ड्रीमिंग स्पॅनिश'चे अगदी नवख्यांसाठीचे व्हिडिओ. तो माणूस चित्रं काढत, हातवारे करत फक्त स्पॅनिशमध्ये गोष्ट सांगतो आणि तरी कळतं.

ताईंच्या मराठीच्या मुद्द्याला पुस्ती: स्पॅनिशमध्येही 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', तीच रचना. आणि उच्चारात 'त' हा आपला दंत्य 'त' आहे, 'ट' नाही. इंग्रजी शाळेत रोमन लिपीतलं ते अक्षर 'ट' म्हणून डोक्यात बसतं, मग लोक 'टोमाटे' म्हणतात. खरं 'तोमाते'. देवनागरीत लिहून घेतलं की हा गोंधळ होत नाही.

अलकापुरी_फ्रांसे

फ्रेंचलाही तेच, त-द दंत्यच. माझ्या मते फ्रेंचला आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या 'ज़ुर्नाल आँ फ्रांसे फासील'ला तोड नाही. रोज दहा मिनिटं जगाच्या बातम्या, अवघड संदर्भ सोपे करून सांगितलेले, खाली लिखित मजकूर. पण नवख्याने लगेच त्याकडे जाऊ नये, ए२ पार झाल्यावर. त्याआधी टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीचे व्हिडिओ-स्वाध्याय आहेत, ए१ पासून बी२ पर्यंत.

कॅनडाच्या नादाने फ्रेंच घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. डेल्फ या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जाला टेफ किंवा टीसीएफ या वेगळ्या फ्रेंच परीक्षांपैकी एक लागते आणि त्यांचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. आधी अर्ज कधी करणार ते ठरवा, मग परीक्षा द्या.

फतेगंज_निहोंगो

जपानीबद्दल मी लिहिते. बडोद्यात बुलेट ट्रेनचं प्रशिक्षण केंद्र आलं आणि आमच्या गटातली चार मुलं जपानीकडे वळली.

लिपीला घाबरून बरेच जण पळतात. त्यांना मी हिरागानाचा तक्ता मोठ्याने वाचायला लावते. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटलं? तो क्रम आपल्या वर्णमालेवरूनच गेलेला आहे. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी जपानी अक्षरं तशी लावली. आपल्याला 'त'च्या ओळीआधी 'क'ची ओळ का येते हे समजवावंच लागत नाही. वाक्यही कर्ता-कर्म-क्रियापद याच क्रमाने, आणि ने-ला-त-हून सारखे शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात, ती पानं आपण भराभर उलटावीत. वेळ लावायचा तो कांजीवर, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रलिपीवर.

जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे, एनएचके वर्ल्डचे 'ईझी जॅपनीज'चे पाठ हिंदीतूनही आहेत. आईला, आजीलाही ऐकवता येतात. तिकडे राहायला किंवा कामाला जाणाऱ्यांसाठी जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तक घ्या. पीडीएफ आणि ध्वनिफिती मोफत उतरवता येतात. धडे दुकान, डॉक्टर, कामाची जागा असे आहेत, त्यामुळे शिकलेलं लगेच लागू पडतं.

सावध राहण्याची जागा म्हणजे जेएलपीटी, जपानीची प्रमाणपत्र परीक्षा. त्या परीक्षेत बोलणंही नाही आणि लिहिणंही नाही, सगळं पर्याय निवडण्याचं. तिची एन३ ही मधली पातळी पास झालेली मुलं मुलाखतीत स्वतःची ओळख सांगताना अडखळतात ती यामुळेच. ताई म्हणतात तो ऐकणारा माणूस जपानीत तर आणखी गरजेचा.

आर्ट्सफॅकल्टी_जुना

मी सयाजीराव विद्यापीठात रशियन शिकलो, सत्तरच्या दशकात. ही सगळी मोफत साधनं पाहून आनंद होतो, पण एक विचारतो. वर्गाला पर्याय आहे का? आमचे सर वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. समोर पंधरा जण ऐकत असायचे. त्या वातावरणात जी तयारी झाली ती एकट्याने खोलीत बसून होईल असं मला वाटत नाही. आणि या गावाला परदेशी भाषा काही नव्या नाहीत. १८९३ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेले श्रीअरविंद पुढे बडोदा कॉलेजात फ्रेंच शिकवत होते. त्यांनी स्वतः मराठी आणि गुजराती इथेच राहून, माणसांत वावरून शिकली.

जर्मनताई_बडोदा

सर, वर्ग मिळत असेल तर वर्गच. आर्ट्स फॅकल्टीत जर्मन, फ्रेंच, रशियन शिकवतात, बडोद्यातल्या मुलांनी तिथली चौकशी सर्वांत आधी करावी. पण डभोई, पादरा, करजणच्या मुलीला रोज संध्याकाळी इथे येणं जमत नाही, ड्यूटीवाल्या नर्सला वर्गाची वेळ जमत नाही. त्यांच्यासाठी नेट हाच दरवाजा. तुमच्या वर्गातले ते पंधरा ऐकणारे मात्र त्यांना कुठून तरी मिळायलाच हवेत, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

म्हणून मी जोड्या लावते. एकाच पातळीच्या दोघींनी ठरलेल्या वेळी फोनवर फक्त जर्मन बोलायचं, विषय आधी ठरवून. दोघीही चुका करतात, तरी तोंड उघडतं. ए१च्या तोंडी परीक्षेत नेमकं हेच असतं: स्वतःची ओळख, मग शब्द लिहिलेलं कार्ड उचलून त्यावरून प्रश्न विचारायचा आणि समोरच्याला उत्तर द्यायचं, मग चित्राच्या कार्डावरून विनंती करायची. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे शब्द लिहून ही कार्डं घरी बनवा, सासूबाई-दिरांसमोर सराव करा. त्यांना जर्मन येत नसलं तरी चालतं, कुणासमोर तरी बोलायची सवय होते.

मांजलपूरची_आई

जरा वेगळा प्रश्न. मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यम. शाळेत गुजराती सक्तीची, हिंदी आहेच. आता ऑनलाइन फ्रेंच लावू का? सोसायटीतली सगळी मुलं काही ना काही लावतात. आमच्याकडे मराठी बोलतो, वाचता मात्र येत नाही त्याला.

जर्मनताई_बडोदा

मांजलपूरच्या ताई, मनापासून सांगते, आधी मराठी वाचायला शिकवा. देवनागरी त्याला हिंदीमुळे येते, म्हणजे काम अर्ध्याहून जास्त झालेलं आहे. रोज झोपताना एक पान तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. फ्रेंच दहावीनंतर सुरू केली तरी उत्तम येते, हे मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलंय. मराठी वाचनाचं तसं होत नाही. गुजरातेत वाढणाऱ्या मुलाला ते घराबाहेर कुणी शिकवणार नाही. आणि ज्याला घरची भाषा वाचता येते, लिंग-विभक्ती जाणवते, त्याला पुढे कुठलीही परदेशी भाषा सोपी जाते. वर तिघांनी तीन भाषांबद्दल तेच लिहिलंय.

मांजलपूरची_आई

पटलं. आजच सुरुवात करते.

रामबाग_इंदूर

इंदूरहून डोकावतोय. शब्द लक्षात ठेवण्यासाठी काय वापरता? आणि हल्ली एआयशी गप्पा मारून भाषा शिकता येते म्हणतात, त्यावर कुणाचा अनुभव?

फतेगंज_निहोंगो

शब्दांसाठी 'अंकी'. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर मोफत, आयफोनवर विकत. जो शब्द विसरायला होतो तो लवकर परत दाखवतं, पक्का झाला की लांबवतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ साली विसरण्याचा वेग मोजून मांडला होता, त्या विचारावर उभं आहे. दुसऱ्यांचे तयार हजारो शब्दांचे गठ्ठे उतरवू नका. आपण वाचलेल्या-ऐकलेल्या वाक्यातला शब्द, वाक्यासकट, स्वतः घाला. उच्चारासाठी 'फोर्वो' पाहा, तिथे त्या त्या भाषेच्या लोकांनीच शब्द उच्चारून ठेवलेत.

जर्मनताई_बडोदा

जर्मनवाल्यांनी कार्डावर नुसता शब्द लिहू नये. शब्द, त्याचं लिंग दाखवणारं डेर, डी, डास यांपैकी जे असेल ते आणि अनेकवचन, तिन्ही एकत्र.

एआयबद्दल: माझे विद्यार्थी वापरतात आणि मी हरकत घेत नाही. रात्री अकरा वाजता ड्यूटीवरून आलेल्या मुलीशी जर्मन बोलायला दुसरं कोण जागं असणार? मी दोन अटी घातल्यात. पहिली, आपण लिहिलेलं पत्र त्याला 'सुधारून दे' म्हणायचं नाही. तो अख्खं पत्र गुळगुळीत करून देतो आणि मुलगी ते वाचून खूश होते, शिकत काही नाही. त्याऐवजी 'चुका फक्त दाखव, दुरुस्त करू नकोस' असं सांगायचं आणि दुरुस्ती आपण करायची. दुसरी, व्याकरणाचा नियम त्याने सांगितला की पुस्तकात ताडून बघायचा, कारण चुकीचं उत्तरही तो तितक्याच खात्रीने देतो. ए१-ए२च्या विद्यार्थ्याला ती चूक ओळखता येत नाही.

करेलीबागकर

ताई, मुलीने काल ए१चा पेपर सोडवला. वाचन-श्रवण निघालं, लेखनात अडकली. एजंटाला नकार कळवला. एक बारीक शंका: अक्षरांवरची ती दोन टिंबं मोबाइलवर कशी काढायची?

जर्मनताई_बडोदा

छान झालं काका. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांत जर्मन जोडायला सांगा, मग मूळ अक्षर दाबून धरलं की टिंबवालं अक्षर वर येतं. ते मिळेना तर a, o, u या रोमन अक्षरांपुढे e लिहितात, जर्मनीतही ते चालतं. कागदावर मात्र टिंबं द्यायची सवय पहिल्या दिवसापासून हवी, ती सुटली तर शब्द बदलतो. लेखनासाठी तिला पुढचे काही दिवस रोज पाच-सहा ओळींची एक ई-मेल लिहायला सांगा: मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं, डॉक्टरची वेळ बदलून मागणं, घरमालकाला नळ गळतोय म्हणून कळवणं. ए१ला असेच विषय येतात. वहीचा फोटो मला व्यक्तिगत निरोपातून पाठवू द्या, तपासून परत करीन.